छोट्या अल्टरनेटरसाठी घरगुती व्होल्टेज रेग्युलेटर : तो बिघडला तर काय होईल, इथून सुरुवात करा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा. दोडामार्गकडच्या काजूच्या बागेत वीज आलेली नाही. किर्लोस्करचं एव्ही-१ इंजिन आहे, पाच हॉर्सचं, १५०० आरपीएमचं. त्यावरून पट्ट्याने पाच किलोवॅटचा सिंगल फेज अल्टरनेटर फिरतो. दोन स्लिप रिंगा, त्यांवर टेकणारे कार्बन (ब्रश) आणि हार्मोनिक वाइंडिंग असलेला, बाजारात ज्याला एसटी टाइप म्हणतात तो. त्यावर मागाहून कुणीतरी बसवलेला एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा रेग्युलेटर) जळाला, म्हणून फील्डला (रोटरवरच्या चुंबक बनवणाऱ्या कॉइलला) जुना रिओस्टॅट (कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स) थेट जोडून तुम्ही काम भागवताय. मशीन रिकामं चालताना २५५ व्होल्ट, दिवे-पंखे-फ्रिज लावल्यावर २१५, आणि एक हॉर्सचा पंप सुरू होताना १६० पर्यंत गोता. दोन एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर गेले, फ्रिजची धास्ती आहे. रेग्युलेटर घरी बनवता येईल का, असं विचारलंत.

येईल. हाताला सोल्डरिंगची सवय असेल आणि एक बरा मल्टिमीटर असेल तर नक्की येईल. मी वाइंडिंग आणि जनरेटर दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळे घरी बनवलेले आणि विकत आणलेले, दोन्ही प्रकारचे जळके रेग्युलेटर माझ्या टेबलावर येत असतात. त्यातला खरा प्रश्न व्होल्टेज किती अचूक राहतं हा नसतो. रेग्युलेटर बिघडतो तेव्हा व्होल्टेज वर पळतं की खाली पडतं, हा असतो. खाली पडलं तर अंधार होतो. वर पळालं तर फ्रिज, चार्जर, दिवे सगळं एका झटक्यात जातं. म्हणून खालची सगळी रचना मी त्याच एका गोष्टीभोवती बांधली आहे.

पण सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी इंजिनाकडे जा. तुमच्या तक्रारीतला निम्मा भाग तिथला असण्याची शक्यता दाट आहे.

चार पोलचा अल्टरनेटर १५०० आरपीएमला ५० हर्ट्झ देतो. स्वतःच्याच वाइंडिंगवरून फील्ड घेणाऱ्या मशीनमध्ये वेग पाच टक्के पडला तर व्होल्टेज पाच टक्क्यांहून जास्त पडतं, कारण वेगाबरोबर फील्डही खाली येतं. मल्टिमीटर हर्ट्झवर लावा. रिकामं चालताना ५२ आणि पूर्ण लोडवर ५० च्या आसपास आलं तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) ठीक आहे. रिकामं ५४ आणि लोडवर ४६ दिसत असेल तर आधी गव्हर्नरची स्प्रिंग, लिंकेजमधला झोल, डिझेल फिल्टर आणि पट्ट्यांचा ताण बघा. पट्टा घसरतोय का हे ओळखायची सोपी खूण : लोड टाकल्यावर इंजिनाच्या आवाजात फारसा फरक नाही, पण हर्ट्झ मात्र खाली आले. हा दोष कुठलाही रेग्युलेटर दुरुस्त करू शकत नाही. उलट वेग पडलेला असताना रेग्युलेटर २३० टिकवायला फील्ड वाढवत जातो, रोटर तापतो, इंजिनावरचा भार वाढतो आणि वेग आणखी पडतो. म्हणूनच चांगल्या कंपनीच्या एव्हीआरमध्ये फ्रिक्वेन्सी साधारण ४७ हर्ट्झच्या खाली गेली की व्होल्टेज मुद्दाम उतरवायची सोय असते.

मग मशीन. इंजिन बंद करून कार्बन बाहेर काढा, स्लिप रिंग साफ करा, आणि फील्डचा रेझिस्टन्स थेट रिंगांवर मोजा. नंतर कार्बन बसवून त्याच्या वायरींवर मोजा. दोन आकड्यांत ओहम-दोन ओहमपेक्षा जास्त फरक असेल, किंवा रोटर हाताने फिरवताना आकडा उड्या मारत असेल, तर कार्बन नीट टेकत नाहीत. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मिळाला तर ५०० व्होल्टवर रोटरचं, मेन वाइंडिंगचं आणि हार्मोनिक वाइंडिंगचं बॉडीशी आणि एकमेकांशी इन्सुलेशन तपासा. प्रत्येक ठिकाणी एक मेगओहमच्या वर हवं. मेगर लावण्यापूर्वी ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि बाकी सगळे इलेक्ट्रॉनिक भाग सोडवून ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यानंतर हा आकडा खाली आलेला दिसतो. आत बल्ब लावून मशीन एक-दोन दिवस वाळवलं की बहुतेक वेळा सुधारतो.

अपेक्षाही आत्ताच मोजून घ्या. पाच हॉर्स म्हणजे शाफ्टवर ३.७ किलोवॅट. पट्टा आणि अल्टरनेटरचं नुकसान वजा जाता हातात पावणेतीन-तीन किलोवॅट येतात, नेमप्लेटवर पाच लिहिलेलं असलं तरी. एक हॉर्सची सिंगल फेज मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. त्या क्षणाचा गोता रेग्युलेटर कमी करू शकतो, घालवू शकत नाही. फील्डचा प्रवाह बदलायलाच सेकंदाचा दहावा-पाचवा भाग लागतो. त्यामुळे पंप नेहमी आधी सुरू करायचा, फ्रिज नंतर. पंपाचा स्टार्टिंग कंडेन्सर जुना असेल तर बदला. गोता किती वेळ टिकतो यात त्याने फरक पडतो.

आता तुमच्या मशीनमधली एक चांगली गोष्ट, जिच्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. हार्मोनिक वाइंडिंग हे स्टेटरमधलं वेगळं छोटं वाइंडिंग असतं. त्यात तिसऱ्या हार्मोनिकचं, म्हणजे १५० हर्ट्झचं व्होल्टेज तयार होतं, ते ब्रिजमधून डीसी होऊन फील्डला जातं. अल्टरनेटरवर लोड वाढला की हे हार्मोनिक व्होल्टेज आपोआप वाढतं आणि फील्ड वाढवतं. म्हणजे मशीन स्वतःच बऱ्याच अंशी स्वतःला सांभाळतं. म्हणूनच ही मशीन नुसत्या रिओस्टॅटवर वर्षानुवर्षं चाललेली दिसतात.

यातून आपल्या रेग्युलेटरचं काम ठरतं : रिओस्टॅट काढायचा नाही. तो फील्डच्या वाटेत तसाच ठेवायचा आणि असा लावायचा की पूर्ण लोडवर, रेग्युलेटर नसतानाही, २३५-२४० व्होल्ट मिळतील. मग लोड कमी असताना जे जादा होतं तेवढंच रेग्युलेटरने कापायचं. याचे दोन फायदे. पहिला, रेग्युलेटरमधला मॉस्फेट (फील्ड चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाला (आणि मॉस्फेट मरतो तेव्हा बहुधा शॉर्टच होतो) तरी व्होल्टेज रिओस्टॅटने बांधलेल्या मर्यादेपलीकडे जात नाही. दुसरा, रेग्युलेटरच्या हातात फार मोठी ताकद नसल्यामुळे तो धरसोड करत नाही, दिवे डोलत नाहीत. रिओस्टॅट काढून फेकणारे लोक हे दोन्ही गमावतात.

रेग्युलेटरचं मूळ तत्त्व तुम्ही पाहिलेलं आहे. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरवर डायनॅमोसाठी जो कटआऊटचा डबा असायचा, त्यात एक कॉइल आणि थरथरणारे पॉइंट असत. व्होल्टेज वाढलं की पॉइंट उघडायचे, कमी झालं की मिटायचे. वीजघरांतल्या मोठ्या अल्टरनेटरवरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिरिल रेग्युलेटर याच थरथरत्या पॉइंटवर चालायचे. फील्ड ही मोठी कॉइल असल्यामुळे चालू-बंद झटके ती गिळून टाकते आणि तिच्यातला प्रवाह सरासरीवर स्थिर राहतो. आपण पॉइंटच्या जागी मॉस्फेट आणि कॉइलच्या जागी कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) वापरणार आहोत.

सामान असं लागेल. २३० ला १२-०-१२ चा ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ डायोड चार, ७८१२ (स्थिर १२ व्होल्ट देणारा), एलएम३९३ कंपॅरेटर, टीएल४३१ (स्थिर अडीच व्होल्ट देणारा), आयआरएफपी४६० मॉस्फेट (५०० व्होल्ट, २० अँपिअर) हीटसिंकसह, केबीपीसी३५१० ब्रिज, एमयूआर८६० डायोड, आणि किरकोळ रेझिस्टन्स-कंडेन्सर. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. मॉस्फेट मात्र ओळखीच्या दुकानातून घ्या. जुने काढून, पुसून, नवा छाप मारलेले फिरत असतात. गेटला (चालू-बंद करणाऱ्या पायाला) दहा व्होल्ट देऊन एक-दोन अँपिअर सोडा आणि मॉस्फेटवर किती व्होल्ट पडतात ते मोजा. अँपिअरला पाव व्होल्टच्या आसपास पडले तर माल ठीक, एक व्होल्ट पडत असेल तर परत करा.

पॉवरची बाजू आधी जोडू. हार्मोनिक वाइंडिंगची दोन टोकं ब्रिजला. ब्रिजच्या डीसी टोकांवर २.२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर. ब्रिजच्या प्लसवरून रिओस्टॅट, रिओस्टॅटवरून फील्डचा प्लस कार्बन. फील्डच्या मायनस कार्बनवरून मॉस्फेटचा ड्रेन, आणि सोर्स ब्रिजच्या मायनसला (ड्रेन आणि सोर्स हे मुख्य प्रवाहाचे दोन पाय). फील्डच्या दोन टोकांवर उलटा एमयूआर८६०, म्हणजे पट्टी असलेलं टोक प्लस कार्बनकडे. मॉस्फेट बंद होतो तेव्हा कॉइलमधला प्रवाह याच डायोडमधून फिरत राहतो. हा डायोड सर्किट बोर्डवर लावू नका, अल्टरनेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये थेट कार्बनच्या वायरींवर लावा. बोर्डाकडे जाणारी वायर एखाद्या दिवशी थरथरून तुटेल, त्या वेळी कॉइलचा झटका रोटरच्या इन्सुलेशनवर जायला नको. कार्बनची प्लस-मायनस बाजू आधी कोणती होती ते बघून रंगाने खूण करा. उलटी जोडली तर उरलेलं चुंबकत्व पुसलं जाऊन मशीन उठणारच नाही.

रिओस्टॅट तापतो, त्याची वॅटेज तपासा. समजा फील्डमध्ये अडीच अँपिअर जातात आणि वाटेत दहा ओहम आहेत, तर ६२ वॅट उष्णता झाली. शंभर वॅटचा हवा, तोही हवेशीर ठिकाणी.

आता कंट्रोलची बाजू. ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी अल्टरनेटरच्या मेन आउटपुटवर, अर्ध्या अँपिअरच्या फ्यूजमधून. मधली टॅप म्हणजे कंट्रोलचं ग्राउंड, ते ब्रिजच्या मायनसला जोडायचं. दोन बाहेरच्या टोकांवरून दोन डायोड घेऊन १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ७८१२ : हा पुरवठा. त्याच टोकांवरून दुसरे दोन डायोड घेऊन, मध्ये कुठलाही मोठा कंडेन्सर न टाकता, थेट १० के (किलोओहम) आणि खाली अडीच-पावणेतीन केचा डिव्हायडर (व्होल्टेज वाटून कमी करणारी रेझिस्टन्सची जोडी) : हे व्होल्टेजचं मोजमाप. या दोन वाटा वेगळ्याच ठेवा. टीएल४३१ चे अडीच व्होल्ट १ के मधून कंपॅरेटरच्या प्लसला, डिव्हायडरचा मधला बिंदू मायनसला. आउटपुट आणि प्लसमध्ये १ मेगचा रेझिस्टन्स. आउटपुटला १२ व्होल्टवरून २.२ के, तिथून १०० ओहममधून गेट. गेट आणि सोर्समध्ये १० के आणि १५ व्होल्टचा झेनर. मोजमाप अडीच व्होल्टच्या खाली असेल तर गेट चालू, वर गेलं की बंद. एलएम३९३ मधला दुसरा कंपॅरेटर रिकामा राहतो, त्याचे इनपुट उघडे सोडू नका, ग्राउंड करा. वेगळा गेट ड्रायव्हर लागत नाही, कारण आपण सेकंदाला शंभरच्या आसपासच चालू-बंद करणार आहोत.

या रचनेत मोजमाप आणि पुरवठा, दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरवरून येतात, आणि ते जाणूनबुजून केलं आहे. घरगुती रेग्युलेटरचा सगळ्यात वाईट अपघात असा असतो : मोजमापाची वायर सुटते, रेग्युलेटरला वाटतं व्होल्टेज शून्य झालं, तो फील्ड पूर्ण उघडतो. इथे ट्रान्सफॉर्मर जळाला, फ्यूज उडाला किंवा वायर सुटली, तर गेटचा पुरवठाही जातो. १० के गेटला खाली ओढतो, फील्ड बंद होतं, मशीन निपचित पडतं. बॅटरीवर किंवा वेगळ्या अॅडॅप्टरवर कंट्रोल चालवायचा मोह टाळा, त्यात हा फायदा जातो.

व्होल्टेज लावायचा प्रीसेटही (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टन्स) याच विचाराने डिव्हायडरच्या खालच्या हातात, म्हणजे मधल्या बिंदूपासून ग्राउंडपर्यंतच्या भागात ठेवायचा : २.४ के फिक्स आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५०० ओहमचा प्रीसेट. प्रीसेटचा मधला पाय धुळीने किंवा गंजाने सुटला तर खालचा रेझिस्टन्स वाढतो, मोजमाप जास्त दिसतं आणि व्होल्टेज खाली येतं. हाच प्रीसेट वरच्या हातात असता तर उलट झालं असतं. प्रत्येक छोट्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज थोडं वेगळं असतं, म्हणून २.४ के हा आकडा तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर मोजून बदला. प्रीसेट एका टोकापर्यंत पूर्ण फिरवला तरी २४५ च्या वर जाता कामा नये, असा तो निवडायचा.

डिव्हायडरच्या खालच्या हातावर एक कंडेन्सर हवा, आणि त्याच्या आकड्यावर अख्ख्या रेग्युलेटरचा स्वभाव ठरतो. बहुतेक जण इथे १०० किंवा २२० मायक्रोफॅरड टाकतात, कारण मोजमाप गुळगुळीत असावं असं वाटतं. मग रेग्युलेटरला खबर उशिरा पोचते. व्होल्टेज वाढून गेल्यावर तो फील्ड बंद करतो, पडून गेल्यावर चालू करतो, आणि दिवे सेकंदाला दोन-तीनदा मोठे-बारीक होत राहतात. मोजमापावरचा १०० हर्ट्झचा तरंग पुसू नका, तो आपल्या कामाचा आहे. या तरंगाचा वरचा भाग अडीच व्होल्टच्या रेषेवर जातो तेव्हा मॉस्फेट बंद, खालचा भाग रेषेखाली येतो तेव्हा चालू. व्होल्टेज थोडं वाढलं की तरंगाचा जास्त भाग रेषेवर जातो आणि सेकंदाच्या प्रत्येक शंभराव्या भागात मॉस्फेट कमी वेळ चालू राहतो. म्हणजे नुसत्या चालू-बंद कंपॅरेटरमधून, वेगळा ऑसिलेटर न लावता, प्रमाणात फील्ड कमी-जास्त करणारा रेग्युलेटर मिळतो.

वरच्या आकड्यांना १० मायक्रोफॅरडने सुरुवात करा. त्यात तरंग साधारण दहा टक्के उरतो, आणि रिकामं ते पूर्ण लोड यात आउटपुट दहा-बारा व्होल्टने हलेल. त्याहून घट्ट हवं असेल तर २२ करून बघा. दिवे डोलायला लागले की परत दहावर या. फार गंजलेल्या, ढिल्या गव्हर्नरच्या इंजिनाला ४.७ सुद्धा चालतो. घरासाठी २२५ ते २३७ हा पट्टा उत्तम आहे, त्याहून अचूकतेच्या मागे लागू नका.

इथेच एक फरक सांगून ठेवतो. एका सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमला सेकंदाला साडेबारा वेळा पेटतं. पिवळ्या बल्बमध्ये त्या ठोक्यांची बारीक थरथर दिसते, आणि आपला डोळा याच सुमाराच्या थरथरीला सगळ्यात जास्त पकडतो. ती रेग्युलेटरची नाही आणि रेग्युलेटरने जाणारही नाही. तिला फ्लायव्हीलचं वजन आणि पट्ट्याचा योग्य ताण हाच उपाय आहे. सेकंदाला दोन-तीनदा संथ डोलणं मात्र रेग्युलेटरचं किंवा गव्हर्नरचं. दोन्हींतला फरक डोळ्याने ओळखता आला की नको तिथे स्क्रू फिरवणं थांबतं.

मशीन उठवायचं कसं? सुरुवातीला आउटपुट फक्त उरलेल्या चुंबकत्वाचं, चार-पाच-दहा व्होल्टचं असतं. तेवढ्यावर कंट्रोल जागा होत नाही आणि मॉस्फेट बंदच राहतो. म्हणून मॉस्फेटच्या ड्रेन आणि सोर्सवर एक पुशबटन लावा. इंजिन पूर्ण वेगावर आलं की बटन दाबून धरायचं, दीडशे-पावणेदोनशे व्होल्ट दिसले की सोडायचं. पुढचं कंट्रोल बघून घेतं. मशीन फार दिवस पडून असेल आणि तरीही उठत नसेल, तर १२ व्होल्टची बॅटरी सिरीज डायोडमधून क्षणभर फील्डला द्यायची, प्लस प्लसला. लॉकिंगचं बटन किंवा साधा स्विच इथे वापरू नका, कुणीतरी तो चालू ठेवून जाईल.

फील्डच्या वाटेत एक स्विचही हवा. इंजिन बंद करताना आधी लोड काढा, मग फील्ड स्विच, मग इंजिन. आपल्या रेग्युलेटरमध्ये कमी फ्रिक्वेन्सीची सोय नाही. वेग उतरत असताना तो शेवटपर्यंत फील्ड ताणत राहू नये, एवढ्यासाठी हा क्रम घरातल्या सगळ्यांना शिकवा.

इंजिनाजवळ नेण्याआधी टेबलावर तपासणी. यासाठी डिमरस्टॅट (एसी व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लागेल, वाइंडिंगच्या दुकानात असतो, तासाभरासाठी कुणीही देईल. ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी डिमरस्टॅटवर आणि फील्डच्या जागी १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब, बॅटरीवरून. डिमरस्टॅट १८० वर : बल्ब पूर्ण पेटलेला. हळूहळू वर न्या. २२२-२२५ च्या पुढे बल्ब मंद व्हायला लागेल, आणि २४० पर्यंत पोचेस्तोवर विझेल. हे मंद होणं डोळ्यांनी बघणं महत्त्वाचं. बल्ब एकदम झपकन विझत असेल तर तरंग फारच कमी उरला आहे, कंडेन्सर लहान करा. आता २३० वर ठेवून एकेक बिघाड मुद्दाम करा. ट्रान्सफॉर्मरची वायर काढा : बल्ब विझला पाहिजे. प्रीसेटचा मधला पाय सोडवा : बल्ब विझला पाहिजे, निदान मंद तरी झाला पाहिजे. टीएल४३१ चं रेफरन्स ग्राउंड करा : विझला पाहिजे. वरचा १० के सोडवला तर मात्र बल्ब पूर्ण पेटेल. हा बिघाड या रचनेत वरच्या दिशेला जातो, म्हणून तिथे चांगला मेटल फिल्म रेझिस्टन्स लावा.

तरीही शेवटचा पहारा वेगळाच हवा, ज्याचा रेग्युलेटरशी काही संबंध नाही. बाजारात डिन रेलवर बसणारे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतात. तो आउटपुटवर लावून त्यातून कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहाचा रिले) चालवा, आणि घराचा सगळा लोड कॉन्टॅक्टरनंतर. वरची मर्यादा २६०. खालची १७०, पण तिला काही सेकंदांचा उशीर द्या, नाहीतर दर वेळी पंप सुरू होताना घर बंद पडेल. हा भाग वगळून बाकी सगळं बनवणार असाल, तर माझं स्पष्ट मत आहे की बनवू नका.

मशीनवर पहिल्यांदा चालवताना कॉन्टॅक्टरनंतरची घराची वायर काढून ठेवा. लोड म्हणून शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब आणि बादलीत बुडवलेले इमर्शन रॉड, हजार-दीड हजार वॅटचे. आधी रिओस्टॅट लावायचा : पुशबटनाच्या जागी तात्पुरता जंपर, रॉड चालू करून अडीच किलोवॅट लोड, आणि रिओस्टॅट फिरवून २३५-२४०. मग रॉड बंद करून बघा किती चढतं. हाच तुमचा सगळ्यात वाईट आकडा. हार्मोनिक मशीनमध्ये तो बहुधा आटोक्यात येतो. फारच वर जात असेल तर पूर्ण लोडवरचे पाच-दहा व्होल्ट सोडून द्या आणि रिओस्टॅट थोडा जास्त ठेवा. जंपर काढा, बटनाने उठवा, प्रीसेटने २३० लावा. ट्रू आरएमएस मीटरने लावा, कारण या मशीनची लहर शुद्ध साइन नसते आणि स्वस्त मीटर तिथे चुकीचा आकडा दाखवतात. मग रॉड चालू-बंद करून आकडा, हर्ट्झ आणि बल्ब तिन्ही बघत राहा. अर्धा तास चालवून मॉस्फेटचं हीटसिंक, ब्रिज आणि रिओस्टॅट किती तापले ते इंजिन बंद करून तपासा. फील्ड सर्किटमध्ये शंभर व्होल्टच्या आसपास डीसी असू शकतं, चालू मशीनवर हात घालायचा नाही.

डबा इंजिनाच्या फ्रेमवर कधीही बसवू नका, भिंतीवर बसवा. सगळ्या वायरींना क्रिंप केलेले लग्ज. बोर्डावर वाइंडिंगचं वार्निश मारा. केबल ग्रोमेटमधून नीट बंद करा, कारण कोकणात उबदार डब्यात मुंग्या आणि पाली पहिल्याच पावसाळ्यात मुक्कामाला येतात आणि मग ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर शॉर्ट होतात.

तुम्ही पंख्याचा डिमर किंवा आर्डुइनो वापरण्याबद्दलही विचारलं होतं. पंख्याचा डिमर हा रिओस्टॅटचाच भाऊ, तो स्वतःहून काही सांभाळत नाही, आणि फील्डसारख्या कॉइलवर त्याचा ट्रायॅक नीट बंदही होत नाही. आर्डुइनोने रेग्युलेटर बनतो, पण जनरेटरच्या शेडमध्ये कॉन्टॅक्टरच्या ठिणगीने तो अडकला आणि पिन चालू स्थितीत राहिली, तर फील्ड उघडंच राहतं. त्याला हर्ट्झ, व्होल्टेज आणि चालू तास दाखवायच्या कामाला लावा. आउटपुटनंतर रिले टाइप स्टॅबिलायझर लावायचा विचारही नको. तो टॅप बदलतो, त्याने मशीनवरचा लोड बदलतो, मशीनचं व्होल्टेज हलतं, की तो पुन्हा टॅप बदलतो.

आणि हे सगळं कार्बन-स्लिप रिंगवाल्या मशीनसाठी आहे. शेजारच्या बागेत जो छोटा पेट्रोल सेट आहे म्हणालात, त्याला कार्बन नसतील आणि आत एक मोठा कंडेन्सर दिसत असेल, तर त्याला हा रेग्युलेटर लागू नाही. तिथे व्होल्टेज त्या कंडेन्सरच्या आकड्यावर आणि वेगावर ठरतं. कंडेन्सर उतरला का एवढंच तपासायचं.

कामाला लागण्याआधी चार आकडे मोजून कळवा : स्लिप रिंगांवर फील्डचे ओहम, नेमप्लेटवरचे एक्सायटेशन व्होल्ट आणि अँपिअर, रिकामं आणि दोन रॉडवर मिळणारे हर्ट्झ, आणि रिओस्टॅटवर छापलेले ओहम-वॅट. त्यावरून रिओस्टॅट पुरतो की बदलायचा, आणि कंडेन्सर १० ठेवायचा की ४.७, ते नेमकं सांगता येईल.